भरल्या कोल्ड स्टोरेजची तपासणी

तासगाव-सांगली भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सगळ्या तपासण्या जानेवारीत उरकायची पद्धत आहे. दिवाळीपर्यंत बराच माल सौद्यात निघून गेलेला असतो, उरलेला एखाद्या चेंबरमध्ये सरकवता येतो आणि नवा बेदाणा यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मधल्या काळात चेंबर झाडायचे, चुना मारायचा, गेलेले दिवे बदलायचे, आणि त्याच धामधुमीत विम्याचा माणूस, प्रेशर व्हेसल तपासणारे, अर्थिंग मोजणारा कॉन्ट्रॅक्टर या सगळ्यांना एकदम बोलावून घ्यायचं. मी मेंटेनन्सला लागलो तेव्हा हे वेळापत्रक ठरूनच गेलेलं होतं.

पॉलिसी रिन्यू करताना विमा कंपनीनं बाहेरच्या लोकांकडून सेफ्टी ऑडिट मागितलं आणि आलेल्या दोघांनी पहिल्याच फोनवर अट घातली: एक भेट रिकाम्या स्टोरेजला, दुसरी भरलेल्या. आमचे मालक, अण्णा, कुरकुरले. "काय बघायचं ते एकदाच बघा की. भरल्यावर दारं उघडी टाकून फिरलासा तर मालाला घाम फुटतोय माझ्या." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेर चाळीस अंश आणि आत चार असताना दार पाच मिनिटं उघडं राहिलं तरी पुठ्ठ्याचे बॉक्स ओलसर लागतात, आणि हिरव्या बेदाण्याचा रंग गेला की भाव गेला. पण अट विमेवाल्यांनी उचलून धरली होती, त्यामुळे इलाज नव्हता.

आलेल्यांपैकी एक रेफ्रिजरेशनचे जुने जाणते, कोकणातल्या मासळीच्या प्लांटवर आणि बर्फाच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले. सगळे त्यांना काका म्हणू लागले. दुसऱ्या इलेक्ट्रिकलच्या मॅडम. त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेत इन्सुलेशन तपासायचा मेगर, करंट मोजायचा टाँग टेस्टर आणि अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर, आणि हातात कायम टॉर्च.

कागदांचा भाग लवकर संपला. कोल्ड स्टोरेज म्हणजे थंड गोदाम असं आमच्याकडं बरेच जण समजतात. १९४८च्या कारखाना कायद्यात (नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) मात्र शीतगृहात माल साठवणं ही स्पष्टपणे ‘उत्पादन प्रक्रिया’ मानली होती, म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आपल्या दारात येतं. वीज ११ केव्हीवर घेतलेली, त्यामुळे विद्युत निरीक्षकाची मंजुरी वेगळी. या फायली आमच्याकडं नीट होत्या. मॅडमनी त्या चाळल्या आणि म्हणाल्या, "चला, आता खरं बघू."

रिकाम्या चेंबरमध्ये मी याआधी कितीतरी वेळा फिरलो होतो, पण वर बघत फिरलो नव्हतो. मॅडम वरच बघत होत्या. वायरिंगचे पाइप भिंतीतून आत येतात ती जागा, दिव्यांचे ग्लँड, कूलिंग कॉइलच्या पंख्यांची टर्मिनल बॉक्स. एका बॉक्सचं झाकण त्यांनी उघडायला लावलं. आतले स्क्रू गंजलेले, तळाशी पाण्याची पांढरी रेघ. पाणी मात्र थेंबभरही नाही.

"हे आत्ता कोरडं आहे. जूनमध्ये उघडा, मग बघा."

त्यांनी समजावलं ते असं. बाहेरची दमट हवा पाइपमधून थंड चेंबरकडे सरकत राहते. आत आली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते पाइपातूनच ओघळत बॉक्समध्ये साठतं. बॉक्स वॉटरप्रूफ असला तर आणखी वाईट, कारण आलेलं पाणी बाहेर पडत नाही. उपाय स्वस्त आहे: पाइप भिंतीत शिरतो तिथं, गरम बाजूला, तो सीलंट भरून बंद करायचा. आमच्याकडं दर पावसाळ्यात पंख्यांची एखाद-दुसरी मोटर जळायची आणि ‘व्होल्टेजमुळं गेली’ असं रजिस्टरला लिहून रिवाइंडिंगला जायची. आता ते रजिस्टर उलटून बघितलं तर बहुतेक नोंदी जून ते सप्टेंबरच्याच निघाल्या.

नव्या शेडचे पॅनेल पफचे आहेत, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फेस. काका त्यावर बोटांनी ठोकत चालले होते. एके ठिकाणी केबल पत्र्याला नुसतं भोक पाडून थेट फेसातून आत नेलेली. बाहेर नळी नाही, सील नाही, पत्र्याची धार केबलच्या इन्सुलेशनवर टेकलेली. तिथं ते थांबले. पफ एकदा आतून पेटला की धूर बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, पत्र्याआड पाणी पोचत नाही, आणि त्याचा धूर विषारी. दक्षिण कोरियातल्या इचॉनमध्ये २००८ साली शीतगोदामाचं काम चालू असताना आग लागून ४० माणसं गेली. त्याच इचॉनमध्ये २०२० साली दुसऱ्या गोदामाच्या बांधकामावर पुन्हा ३८ गेली. "म्हणून वेल्डिंगवाल्याला चेंबरच्या भिंतीजवळ पाठवताना त्याच्या हातात आधी परवाना द्यायचा आणि शेजारी एक माणूस उभा करायचा," काका म्हणाले. आमच्याकडं गावातला वेल्डर सायकलवरून यायचा, काम करायचा आणि जेवायच्या आधी निघून जायचा. शेजारी माणूस वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ट्रान्सफॉर्मरचं आवार, पॅनेल, जनरेटर यांच्या तपासणीत नेहमीच्याच गोष्टी निघाल्या. ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणाऱ्या हवेतली ओल टिपणारी सिलिका जेल गुलाबी पडलेली, म्हणजे ओलीनं भरलेली. पॅनेलपुढच्या रबर मॅटवर मॅडमनी वाकून वीजरोधक मॅटच्या भारतीय मानकाचा, आयएस १५६५२चा, शिक्का शोधला, तो नव्हता. म्हणजे ती नुसती रबरी चटई, आणि तिच्यावर उभं राहून काम करणाऱ्याचं तिच्याकडून रक्षण होईल याची खात्री नाही. प्रत्येक थ्री-फेज मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ लागतात. आमच्या कंडेन्सरच्या पंपाला दोन पट्ट्या होत्या खऱ्या, पण पुढं जाऊन दोन्ही एकाच बोल्टला. बेदाणा धुण्याच्या आणि काड्या काढण्याच्या शेडमध्ये पाण्याचं काम चालतं, तिथल्या सॉकेटांना ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारं स्विच, होतं. मॅडमनी टेस्ट बटण दाबलं, पडलं. "हे चांगलं आहे," एवढंच म्हणून त्या पुढं गेल्या. सगळ्या भेटीत आमचं कौतुक झालं ते इथंच.

खरा वेळ गेला मशीन रूममध्ये.

आमचा प्लांट अमोनियाचा. या भागात अमोनियाला कुणी अमोनिया म्हणत नाही, ‘गॅस’ म्हणतात. ऑपरेटर मामा पंचवीसेक वर्षं याच गॅसच्या वासात वाढलेले. भिंतीवरच्या डिटेक्टरकडं बघून ते म्हणाले, "ह्या डबीचं काय काम? गॅस सुटला तर मला झोपेत कळतंय."

काका हसले नाहीत. "मामा, नाक सरावतं. सारखा वास येत राहिला की थोडा वास कळेनासा होतो. पंचवीस पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस भाग गॅस झाला की, आठ तासांचं काम थांबवायचं, तीनशेला जीव धोक्यात. या दोन्हींच्या मधला आकडा तुमचं नाक सांगणार नाही." मग त्यांनी गंधकाची वात पेटवून सगळ्या जॉइंटांवरून फिरवली. अमोनिया असेल तिथं वातीचा पांढरा धूर दाट होतो. एका कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलपाशी तो झाला. थोडाच, पण झाला. मामांचा चेहरा जरा पडला. मग त्यांनीच पान्हा आणला.

मॅडमची नजर वेगळ्याच गोष्टीवर होती. आमचं मुख्य कंट्रोल पॅनेल मशीन रूममध्येच, कॉम्प्रेसरपासून दहा-बारा फुटांवर. उघडलं तर केबलच्या टोकांना दाबलेल्या तांब्याच्या टोप्या, म्हणजे लग, निळसर-हिरव्या पडलेल्या. अमोनिया आणि ओल एकत्र आले की तांबं आणि पितळ खातात, म्हणूनच अमोनियाच्या प्लांटला पाइप लोखंडी असतात, फ्रिजसारखे तांब्याचे नसतात. पाइपांच्या बाबतीत हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच खोलीत पाच फूट उंचीचं तांब्यानं भरलेलं कपाट उभं आहे हे कुणाच्या नजरेत भरत नाही. लग खाल्ली गेली की जॉइंट ढिला, जॉइंट ढिला की गरम, आणि गरम जॉइंट म्हणजे ठिणगी. हवेत अमोनियाचं प्रमाण १५ ते २८ टक्क्यांच्या मध्ये असेल तर तो पेट घेतो. तेवढ्या गॅसमध्ये माणूस उभाच राहू शकत नाही, पॅनेल मात्र तिथंच चालू राहतं.

मग त्यांनी विचारलं, "एक्झॉस्टचं बटण कुठंय?"

बटण पॅनेलवर होतं. म्हणजे गॅस सुटला तर पंखा लावायला आधी गॅसमध्ये शिरायचं.

"आणि इमर्जन्सी स्टॉप?"

तो दाराबाहेर होता, लाल, मोठा, वर मराठीत पाटीसुद्धा. मॅडमनी मामांना कॉम्प्रेसर अनलोड करायला सांगून तो दाबायला लावला. कॉम्प्रेसर थांबले. त्यांच्याबरोबर दिवे गेले, एक्झॉस्ट गेला, डिटेक्टरचा भोंगाही गेला, कारण सगळं त्या एकाच फीडरवर. अंधाऱ्या मशीन रूममध्ये आम्ही उभे. या बटणानं कॉम्प्रेसर आणि पंप पडायला हवेत, पण पंखा, दिवे आणि भोंगा वेगळ्या सर्किटवरून चालू राहायला हवेत. ड्रॉइंग करणाऱ्यानं ‘सगळं बंद म्हणजे सुरक्षित’ असं धरलेलं, आणि त्या ड्रॉइंगवर मंजुरीच्या सह्या होत्या. माझ्या मते सगळ्या ऑडिटमध्ये सगळ्यात मोठी निघालेली गोष्ट हीच. ती शोधायला कुठलं यंत्र लागलं नाही, बटण दाबायला माणूस लागला.

पहिली भेट इथं संपली. फेब्रुवारीच्या शेवटी ट्रॅक्टर आणि टेंपो यायला लागले. बेदाण्याचे पंधरा किलोचे बॉक्स, हमालांची रांग, चेंबर खालून वर भरत गेले. एक्झॉस्टचं बटण तोवर बाहेर आलं होतं आणि त्याचं सर्किट वेगळं झालं होतं. एप्रिलमध्ये, दुपारच्या उन्हात, दोघं परत आले.

त्या दुपारी जे दिसलं त्यातलं बरंचसं जानेवारीत दिसणं शक्यच नव्हतं. कंडेन्सरचं प्रेशर घ्या. जानेवारीत गेजचा काटा दीडशे पीएसआयच्या आसपास असायचा, आता तो दोनशेकडं सरकलेला. प्रेशर फार वाढलं की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा हायप्रेशर कट-आउट खरोखर तोडतो का, हे काकांनी त्याचं सेटिंग हळूहळू खाली आणत बघितलं. तोडला, पण एका कॉम्प्रेसरचा उशिरा. लोड वाढलेला, त्यात शेतीपंपांची वीज सुरू झाली की आमच्या फीडरचं व्होल्टेज बसतं, म्हणजे मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढणार. मॅडमनी पॅनेल उघडून थर्मल कॅमेरा लावला. बाहेरून वीज येते त्या मेन इनकमरची वाय फेजची लग शेजारच्या दोन फेजपेक्षा तीसेक अंशांनी जास्त तापलेली. ही लग जानेवारीत त्यांनीच हातानं हलवून बघितली होती, घट्ट होती. तेव्हा प्लांट जेमतेम एका कॉम्प्रेसरवर चालू होता. करंटच नसेल तर जॉइंट तापणार कशानं?

अर्थिंगचंही तसंच. आमच्याकडची जमीन काळी. जानेवारीत तिच्यात ओल असते, अर्थचा रोध कमी भरतो, रीडिंग सुरेख येतं. एप्रिलला भेगा पडलेल्या, त्याच पिटचं, म्हणजे अर्थच्या खड्ड्याचं, रीडिंग दुपटीच्या वर गेलेलं. नियमातही कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायची भाषा आहे. पण कॉन्ट्रॅक्टर जानेवारीतच येतो, पिटवर बादलीभर पाणी ओततो आणि मग पिना ठोकतो. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पाणी ओतायला हरकत नाही, पण मग वर्षभर ओतत राहा."

मग चेंबर. आत अडकलेल्या माणसासाठी दाराजवळ घंटेचं बटण असतं आणि दार आतून ढकलून उघडायची दांडी असते. जानेवारीत दोन्ही तपासली होती, दोन्ही चालत होती. आता त्यांनी मला आत ठेवून दिवे बंद केले आणि दार लावून घेतलं. चार अंशात माणूस लगेच गारठून मरत नाही, पण पूर्ण काळोखात, कॉइलच्या पंख्यांच्या घरघरीत, दिशा सुटते. मी भिंत धरून दाराकडं गेलो तर हाताला बॉक्स लागले. बटणासमोर सात थरांची थप्पी लागलेली. दांडी सापडली, दार उघडलं, पण घंटा वाजवता आली नाही. हमालांचाही दोष नाही. जागा दिसली की बॉक्स लावायचा, बॉक्सवर मजुरी. आता तिथं जमिनीवर पिवळी चौकट आखलीय आणि बटण दोन फूट वर नेलंय, रेडियमची पट्टी लावून.

काकांनी रॅकच्या खांबांवर किती वजन चालतं ते लिहिलेलं नाही याची वेगळी नोंद केली. मार्च २०२३मध्ये उत्तर प्रदेशात चंदौसीला बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं छत कोसळून १४ माणसं गेली, तेही माल भरायच्या दिवसांत. आमच्या जुन्या इमारतीच्या मजल्यांचं डिझाइन कुणाकडंच नाही. अण्णांच्या वडिलांच्या काळातल्या मिस्त्रीनं ते हिशोबानं बांधलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावण्याचं वाक्य रिपोर्टात गेलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं.

शेवटी मॉक ड्रिल. मामांनी भोंगा वाजवला आणि शेडमधल्या बेदाणा निवडणाऱ्या बायका, हमाल, ड्रायव्हर सगळे असेंब्ली पॉइंटच्या हिरव्या पाटीकडं निघाले. ही पाटी आवाराच्या पूर्व टोकाला, लिंबाखाली. सगळे जमले, हजेरी झाली, काका घड्याळ बघून समाधानानं मान हलवत होते, तेवढ्यात निवडणाऱ्या बायकांतली एक म्हातारी मावशी म्हणाली, "सायेब, ह्या दिसांत वारं मावळतीकडनं असतंय की. मशीन मावळतीला. गॅस सुटला तर ह्याच लिंबाखाली यील न्हवं का?"

सगळ्यांनी वर बघितलं. छतावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंड सॉक नेमका आमच्याकडंच शेपूट करून फुगलेला. जानेवारीत वारा उगवतीकडून असतो. तेव्हा ती जागा बरोबर होती आणि पाटी तेव्हाच लावली गेली. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असली तरी द्रव गॅस सुटल्यावर त्याचं गार धुकं होऊन जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकतं, आणि ते सरळ या लिंबाखाली आलं असतं. काकांनी मावशींचं म्हणणं जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. आता दोन पाट्या आहेत, आणि सगळ्यांना एकच गोष्ट शिकवलीय: आधी सॉक बघायचा, मग वाऱ्याला आडवं होऊन पळायचं. ओला पंचा नाकाला लावायचा, कारण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी मारायचं नाही, त्यानं तो आणखी उसळून उडतो. बायकांना हे पटकन कळलं. ड्रायव्हर मंडळींना अजून सांगावं लागतं, ते भोंगा ऐकला की आधी गाडीकडं धावतात.

रिपोर्ट आला तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न खर्चाचा केला. बरीचशी कामं किरकोळ होती: सीलंट, मॅट, लग, अर्थची दुसरी पट्टी, केबलला नळी. दोन कामं मोठी. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेला, त्याचे आकडे यायचे आहेत. तोवर जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन थर कमी लावायचे ठरलंय. दुसरं, पॅनेलसाठी मशीन रूमबाहेर वेगळी खोली. ती भरल्या स्टोरेजमध्ये करता येत नाही, कारण प्लांट दोन दिवससुद्धा बंद ठेवता येणार नाही. ते काम डिसेंबरात धरलंय. तोवर पॅनेलचे सगळे जॉइंट महिन्यातून एकदा कॅमेऱ्यानं, चालू लोडवर, दुपारी बघायचे आणि नोंद ठेवायची. कॅमेरा मिरजेहून भाड्यानं येतो. पहिल्या महिन्यात अण्णांनी भाड्याची पावती बघून विचारलं, "सकाळी आणला तर स्वस्त पडत न्हाई का?" पडत नाही. भाडं दिवसाचं असतं.